खाणीचा पैसा अडवायचा असेल, तर आधी त्याची तारीख शोधा

विचारणा थोडक्यात अशी. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणारा मित्रमैत्रिणींचा एक गट आहे. त्यांच्यातल्या एकीचे माहेर आदिवासी पट्ट्यात, खाणीला लागून असलेल्या गावात. खाणीचा विस्तार होऊ घातला आहे, ओढा गाळाने भरतो आहे, आणि ग्रामसभा विरोधात असताना कागदावर मात्र संमती दिसते, असे गावकऱ्यांचे म्हणणे. त्याच कंपनीचे नाव या गटातल्या एकाला आपल्या एसआयपीच्या फंडाच्या यादीत दिसले. त्यांचा प्रश्न : ‘पैसा आमचाच तिथे लागला आहे. म्युच्युअल फंड, एलआयसी, बँका यांना या कंपनीतून बाहेर पडायला कसे भाग पाडायचे? सह्यांची मोहीम सुरू केली आहे. कॉलेज रोडवरच्या बँकेच्या शाखेसमोर निदर्शने करावीत का?’

गावाचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

निदर्शनांचे उत्तर आधी देते : करू नका. शाखा व्यवस्थापकाच्या हातात घरकर्जाचा पाव टक्कासुद्धा नसतो. खाणीला दिलेले कर्ज त्यालाही पेपरातच वाचायला मिळते. तो पोलिसांना फोन करेल, दुसऱ्या दिवशी शहराच्या पुरवणीत तुमचा फोटो येईल आणि मुंबईत ज्याच्या टेबलावर ती फाइल आहे त्याला पत्ताही लागणार नाही. नोकरीची बहुतेक वर्षे मी बँकेच्या कर्जविभागात काढली, मोठ्या प्रकल्पांच्या फाइली तपासल्या. निवृत्तीनंतर आता संघटनांना कंपन्यांचे ताळेबंद वाचून देते. तेव्हा टेबलाच्या पलीकडे काय चालते ते सांगते.

पहिली गोष्ट, ‘शेअर विका’ ही घोषणा ऐकायला चांगली असली तरी तिच्याने कंपनीच्या तिजोरीतला एक रुपया कमी होत नाही. फंडाने शेअर विकला की बाजारात दुसरा कोणीतरी तो घेतो, बहुधा तुमच्या पत्राला केराची टोपली दाखवणारा. कंपनीला खरी गरज असते ती नव्या पैशाची. विस्तारासाठी मुदत कर्ज, कर्जरोख्यांची नवी विक्री, संस्थांना विकायचे नवे शेअर, किंवा जुने कर्ज फेडायला घेतलेले नवे कर्ज. या प्रत्येकाला एक तारीख असते. ती तारीख हातात नसेल तर दहा हजार सह्या घेऊनही तुम्ही बंद खिडकीसमोर उभे राहाल.

बँकेत हे कसे घडते ते पाहा. प्रकल्प कर्ज मंजूर झाले म्हणजे पैसा गेला असे नसते. मंजुरीपत्रात अटी असतात : पर्यावरण मंजुरी, वनमंजुरी, जमिनीचा निर्वेध ताबा, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपला वाटा आधी घालणे. या अटी पुऱ्या झाल्याचे कागद फाइलला लागल्याशिवाय पहिला हप्ता सुटत नाही. त्या काळात ‘ग्रामसभेने नकार दिला आहे, ही घ्या ठरावाची प्रत’ असे पत्र आले, तर कर्ज अधिकाऱ्याला ते बाजूला टाकता येत नाही. उद्या खाते बुडाले आणि चौकशी लागली तर ‘हे पत्र आले तेव्हा तुम्ही काय केले’ हा पहिला प्रश्न त्यालाच येणार असतो. तो माणूस आदिवासींचा कैवारी असेलच असे नाही, त्याला त्याची पेन्शन प्यारी असते आणि आपल्याला तेवढे पुरते. पण एकदा निम्मा-अधिक पैसा वाटला की पारडे फिरते. मग खाण रखडली तर हप्ते थकणार, नव्वद दिवसांवर थकले तर खाते अनुत्पादक होणार, म्हणून बँकेलाच खाण लवकर सुरू व्हायला हवी असते. पैसे वाटण्याआधी बँक तुमचे ऐकते, वाटल्यावर कंपनीचे.

आता ही तारीख शोधायची कुठे? कंपनी मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेते तेव्हा त्या तारणाची नोंद तिला कंपनी निबंधकाकडे साधारण तीस दिवसांत करावी लागते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने तारणांची यादी पाहता येते : कोणती बँक, किती रक्कम, कोणत्या दिवशी, फिटले की चालू आहे. अनेक बँकांच्या वतीने एखादी विश्वस्त कंपनी तारण धरते, तेव्हा बँकांऐवजी तिचेच नाव दिसते. अशा वेळी पतमानांकन संस्थांकडे वळा. क्रिसिल, इक्रा, केअर यांची टिपणे फुकट वाचता येतात आणि त्यांच्या शेवटच्या तक्त्यांत कोणत्या बँकेची किती मर्यादा आहे हे बहुतेक वेळा बँकेच्या नावानिशी असते. त्याच टिपणात ‘येत्या दोन वर्षांत इतक्या कोटींचा विस्तार, त्यातला इतका भाग कर्जातून’ असे वाक्य सापडले, तर नवा पैसा अजून यायचा आहे. मला विचाराल तर पहिला महिना फक्त या दोन ठिकाणी घालवा. सार्वजनिक वाचनालयात बसून दोघांनी केले तरी होईल. कॉमर्स झालेला एखादा सोबत असला तर बरे.

शेअर कोणाकडे आहेत हे त्यामानाने सोपे आहे. दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत सूचिबद्ध कंपनी भागधारकांचा तपशील शेअर बाजाराला देते. त्यात एक टक्का किंवा जास्त वाटा असणाऱ्यांची नावे असतात, आणि प्रवर्तकांनी स्वतःचे किती शेअर गहाण टाकले आहेत तेही. हा गहाणाचा रकाना आवर्जून पाहा. प्रवर्तकाचे शेअर गहाण असतील तर शेअरचा भाव घसरल्यावर सावकार जादा तारण मागतो, त्यामुळे असा प्रवर्तक बदनामीच्या बातमीला एरवीपेक्षा जास्त बिचकतो. म्युच्युअल फंड आपली यादी दर महिन्याला, महिना संपल्यावर दहा दिवसांत जाहीर करतात. तुमच्यातल्या एकाला नाव दिसले ते तिथेच.

आता थोडे इतिहासाकडे. कारण ‘परदेशात लोकांनी करून दाखवले’ असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते अर्धेच खरे आहे.

ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर वेदांत समूहाला बॉक्साइट काढायचे होते. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ मध्येच वेदांतला आपल्या यादीतून काढले. त्यांच्या नीतिविषयक परिषदेने लांबलचक अहवाल लिहून कारणे जाहीर केली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपले ३८ लाख पौंडांच्या आसपासचे शेअर विकले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ होती, पण कारण जाहीर सांगून विकल्यामुळे बातमी मोठी झाली. ऑगस्ट २०१० मध्ये जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना वनमंजुरी नाकारली गेली. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या पावसाळ्यात बाराच्या बारा गावांनी खाणीला नकार दिला. माझा या घटनाक्रमाचा अर्थ असा, की डोंगर तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी वाचवला. परदेशी गुंतवणूकदारांनी एवढेच केले की दिल्लीतल्या आणि लंडनमधल्या लोकांना ही गोष्ट ‘स्थानिक कुरबूर’ म्हणून झटकता येईना. गावात नकार नसता तर त्या विक्रीतून काही निघाले नसते. पुढे २०१८ मध्ये वेदांतची मूळ कंपनी लंडनच्या बाजारातूनच बाहेर पडली, आणि दरवर्षी जिथे प्रश्न विचारता येत ती सार्वजनिक सभाही संपली. दबावाला कंपन्या असेही उत्तर देतात.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या अदानींच्या कारमायकल कोळसा खाणीचे. तिथे चळवळीने सुरुवातीपासून बँकांवर नेम धरला. तिथल्या बड्या बँकांनी पाठ फिरवली. २०१४ मध्ये आपल्या स्टेट बँकेने एक अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाचा सामंजस्य करार केला होता, तो मार्गी लागला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया सामना चालू असताना दोन निदर्शक फलक घेऊन मैदानात घुसले, ते याच कर्जासाठी. त्याच सुमारास अमुंडी या फ्रेंच गुंतवणूक कंपनीने स्टेट बँकेला बजावले, की या खाणीला पैसा दिलात तर तुमचे हरित, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे, कर्जरोखे आम्ही विकू. इथे दबाव खाण कंपनीवर नव्हता, तिच्या सावकाराच्या सावकाराकडून आला. शेवटी काय झाले? खाण झाली. पण वर्षाला सहा कोटी टनांची मूळ योजना एक कोटी टनांपर्यंत खाली आली, ती समूहाला स्वतःच्या पैशाने उभारावी लागली आणि पहिला कोळसा जहाजावर चढायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. याला यश म्हणायचे की अपयश यावर मी कार्यकर्त्यांची भांडणे ऐकली आहेत. माझ्या मते बँकांच्या बाजूने मिळू शकणारा हा सर्वांत मोठा परिणाम होता, कारण समूहाकडे स्वतःचा पैसा होता. तुमच्या कंपनीकडे तसा आहे का, हे ताळेबंदात पाहिल्याशिवाय मोहिमेचे वेळापत्रक ठरवू नका.

तिसरे उदाहरण मला सर्वांत उपयोगाचे वाटते, कारण त्यात कोणी शेअर विकलेच नाहीत. २४ मे २०२० ला रिओ टिंटोने पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजासाठी जुकान गॉर्ज इथल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. तिथे सुमारे ४६,००० वर्षांपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या, आणि आदिवासी मालकांच्या दृष्टीने ती जागा पवित्र होती. संचालक मंडळाने ऑगस्टमध्ये वरिष्ठांचे बोनस कापून विषय मिटवायचा प्रयत्न केला. ऑस्ट्रेलियातले पेन्शन फंड म्हणाले, एवढ्याने भागणार नाही. ११ सप्टेंबरला मुख्य कार्यकारी अधिकारी आणि आणखी दोघे पायउतार होणार असल्याचे जाहीर झाले. शेअर हातात ठेवून, आतून धरलेला हा आग्रह होता. विकून गेलेल्या फंडाचा फोन कंपनी उचलत नाही.

म्हणून माझा क्रम असा : आधी फंडाला प्रश्न विचारायला लावा, मग त्याला मतदान करायला लावा, आणि बाहेर पडायचेच असेल तर कारण जाहीर सांगून बाहेर पडायला लावा. गुपचूप विक्री झाली तर तुमच्या हाती काहीच उरत नाही.

आपल्याकडे भागधारकांनी स्वतःचा ठराव सभेपुढे आणणे जवळपास अशक्य आहे. कंपनी कायद्याने त्यासाठी एक दशांश मतांचे बळ लागते. पण कंपनीने आणलेल्या ठरावांना विरोध करता येतो, आणि इथे एक फट आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांमुळे १ एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मत द्यावेच लागते आणि ते कारणासह जाहीर करावे लागते. स्वतंत्र संचालकाला दुसरी मुदत द्यायची तर विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मते विरोधाच्या तिप्पट हवीत. प्रवर्तकांकडे ५५ टक्के आहेत, विरोधात २० टक्के पडले आणि बाकीचे मत द्यायला फिरकलेच नाहीत, तर ठराव पडतो. पर्यावरण किंवा जोखीम समितीवर बसलेल्या संचालकाची मुदत कधी संपते ते वार्षिक अहवालात दिलेले असते. ही दुसरी तारीख. समूहातल्याच दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा असेल तर त्या ठरावाच्या बाजूने प्रवर्तकांची मते धरलीच जात नाहीत, तिथे संस्थात्मक गुंतवणूकदारांचे वजन आणखी वाढते.

मतदान मात्र सभेच्या आधी होते. ऑनलाइन मतदान निदान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बंद होते. फंडांची मते तेव्हाच पडून जातात, त्याआधी ते आयआयएएस, एसईएस अशा सल्लागार संस्थांचे अहवाल वाचतात. सभेची सूचना २१ दिवस आधी येते. तुमचा कागद त्या तीन आठवड्यांत सल्लागार संस्थेकडे आणि फंडाकडे पोचला तर उपयोग, सभेतल्या भाषणाने मत बदलत नाही.

कागद कसा हवा? इथे जरा थांबून सांगते, कारण बहुतेक मोहिमा इथेच फसतात.

बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. बीआरएसआर म्हणतात त्याला. वार्षिक अहवालाच्या पोटात असतो, छपाई सुंदर, झाडे लावणाऱ्या हसऱ्या बायकांचे फोटो. ते सगळे ओलांडून पहिल्या विभागातल्या तक्रारींच्या तक्त्यावर या. त्यात पहिली ओळ असते ‘समुदाय’ : वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती प्रलंबित राहिल्या. बऱ्याच कंपन्या तिथे शून्य लिहितात. आता गावाने त्याच आर्थिक वर्षात कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली असेल, दुसऱ्या प्रतीवर कंपनीचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली असेल, तर तो एक कागद तुमच्या दहा हजार सह्यांपेक्षा जड आहे. सह्यांवरून फक्त एवढे कळते की काही लोक नाराज आहेत. शिक्क्याची प्रत दाखवते, की कंपनीने भागधारकांना दिलेला आकडा चुकीचा आहे. फंड व्यवस्थापक खाणीच्या धुळीने दचकत नाही. अहवाल खोटा निघाला तर दचकतो, कारण मग ताळेबंदातल्या बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास का ठेवायचा? म्हणून गावाला आजच सांगा, तोंडी गाऱ्हाणी पुरे. प्रत्येक वेळी दोन प्रती, पोच घेतल्याशिवाय निघायचे नाही, आणि पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपायची.

तुम्ही फंडाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा जोडला आहे. त्यातले वाक्य आहे : ‘आदिवासींच्या रक्ताने माखलेला हा पैसा तत्काळ काढून घ्यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ हे पत्र ग्राहक सेवा विभागात जाईल आणि तुम्हाला तक्रार क्रमांक मिळेल. त्याऐवजी असे लिहा :

‘आपल्या अमुक योजनेकडे ३० जूनच्या यादीप्रमाणे या कंपनीचे शेअर आहेत. मी या योजनेचा गुंतवणूकदार आहे. कंपनीने आपल्या अहवालात समुदायांकडून आलेल्या तक्रारी शून्य दाखवल्या आहेत. सोबत कंपनीची पोच असलेल्या तक्रारींच्या प्रती, ग्रामसभेचा ठराव आणि त्याचा इंग्रजी अनुवाद जोडला आहे. आपल्या स्टुअर्डशिप धोरणाप्रमाणे आपण कंपनीकडे याबाबत विचारणा केली का, काय उत्तर आले, आणि येत्या सभेत आपण कसे मत देणार आहात, हे तीस दिवसांत कळवावे.’

सेबीने डिसेंबर २०१९ मध्ये फंडांसाठी स्टुअर्डशिप संहिता, म्हणजे पैसा लावलेल्या कंपनीवर लक्ष ठेवून तिला जाब विचारण्याचे नियम, काढली आणि ती १ जुलै २०२० पासून लागू झाली. प्रत्येक फंडाचे धोरण त्याच्या संकेतस्थळावर असते. त्यातली कलमे वाचा आणि त्यांचेच शब्द त्यांना परत पाठवा. प्रत फंडाच्या विश्वस्त कंपनीला जरूर लावा. फंड चालवणारी कंपनी वेगळी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे विश्वस्त वेगळे असतात, आणि विश्वस्तांना थेट पत्र लिहिण्याचे फारसे कोणाला सुचत नाही. वीस गुंतवणूकदारांनी वीस वेगळी पत्रे, आपापल्या फोलिओ क्रमांकासह पाठवावीत. एकाच मजकुराखाली वीस सह्या आल्या तर त्यांना एकच उत्तर द्यावे लागते.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल मी जास्त सांगण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातल्या जाणत्यांना गाठा. २०१८ च्या मार्चमध्ये सीबीएसवरून मुंबईला पायी निघालेल्या लाँग मार्चमध्ये वनजमिनीचे दावे ही मोठी मागणी होती. सुरगाणा, पेठ, दिंडोरीतल्या कितीतरी कार्यकर्त्यांना वनहक्काची फाइल कशी बांधायची हे तोंडपाठ आहे. वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. कंपनीचा वकील सर्वांत आधी हीच मोजणी करतो. हजेरीचे पान, अंगठ्यांसमोर नावे, तारीख, विषय सूचनेची प्रत, हे सगळे असलेला ठराव बँकेच्या फाइलला लागतो. नुसता ‘ग्रामस्थांचा तीव्र विरोध आहे’ हा कागद लागत नाही. आणि खोट्या संमतीचा मुद्दा असेल तर ज्या तारखेला संमती दाखवली आहे त्या दिवसाच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागवा.

तुमच्या पीएफबद्दलही विचारले आहे. तिथे फार जोर लावू नका. ईपीएफओ २०१५ पासून शेअरमध्ये पैसा घालते, पण तो बहुतांश निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांतून. निर्देशांकात जी कंपनी आहे ती घ्यावीच लागते, त्यामुळे एखादे नाव वगळण्याची सोयच नसते. तुमची एसआयपी इंडेक्स फंडात असेल तर तिथेही हेच. तिथे ‘विका’ म्हणण्यात अर्थ नाही, मत मागा. मत त्यांनाही द्यावेच लागते. एलआयसीचे वेगळे आहे. ती स्वतः निवडून घेते आणि विमा नियामकाची स्टुअर्डशिप मार्गदर्शक तत्त्वे तिलाही लागू आहेत. मात्र नाशिकच्या विभागीय कार्यालयात निवेदन देऊन फोटो काढू नका. पत्र मुंबईला ‘योगक्षेम’ या मुख्य कार्यालयातल्या गुंतवणूक विभागाच्या नावे जाऊ द्या, आणि उत्तर आले नाही तर पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन वेळ मागा. पॉलिसीधारक म्हणून जा, मोर्चा म्हणून नको.

नॉर्वेच्या फंडाकडे भारतातल्या बऱ्याच सूचिबद्ध कंपन्यांचे शेअर असतात, यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते आणि त्यांच्या नीतिविषयक परिषदेला कोणीही लिहू शकते. उत्तराला वर्षे लागतात, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने नियमांच्या फेरविचारासाठी नावे काढण्याचे काम तूर्त थांबवले. पण त्यांनी एकदा कारणासह नाव काढले की ते दस्तऐवज जगभरचे इतर फंड वाचतात. ब्राझीलच्या वाले कंपनीला त्यांनी मे २०२० मध्ये काढले, त्याच्या आदल्या वर्षी जानेवारीत तिचे ब्रुमाडिन्योचे खाणगाळाचे धरण फुटून २७० माणसे गेली होती. तुमच्या कंपनीचेही गाळाचे धरण असेल, तर त्याची उंची, बांधणीची पद्धत आणि शेवटची बाहेरची तपासणी कधी झाली हे प्रश्न पत्रात नक्की घाला. ब्रुमाडिन्योनंतर मोठे गुंतवणूकदार हे तीन प्रश्न स्वतःहून विचारू लागले आहेत.

एक आडवळण. गंगापूर रोडवरचे लोक मला नेहमी विचारतात, हेच सारूळच्या दगडखाणींना किंवा ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडणाऱ्यांना का लावत नाही? कारण तिथे दाबायला गुंतवणूकदारच नाही. क्रशरवाल्याचा पैसा घरचा, पतसंस्थेचा किंवा भागीदाराचा असतो. ते गौण खनिजाचे प्रकरण. तिथे जिल्हाधिकारी कार्यालयाची खनिकर्म शाखा, वाहतूक परवान्यांचा हिशेब आणि पुण्याचे हरित न्यायाधिकरण हीच वाट. हत्यार बदलले की सगळेच बदलते.

आता धोक्यांविषयी. पहिला धोका गावाला आहे, तुम्हाला नाही. नाशिकमधून एक जोरकस पोस्ट टाकली तर तुम्हाला लाइक मिळतात, आणि तिकडे ज्याचे नाव त्यात आले त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी माणसे येतात. आदिवासी पट्ट्यात खाणीला विरोध करणाऱ्यावर नक्षलसमर्थक असा शिक्का मारायला वेळ लागत नाही. म्हणूनच वर नावे टाळली. गावकऱ्यांचे फोटो, नावे, व्हिडिओ ग्रामसभेने सांगितल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका, आणि मागणी काय करायची तेही गावानेच ठरवायचे. मैत्रिणीचे माहेर आहे म्हणून तुम्हाला मुखत्यारपत्र मिळालेले नाही. गावाला खाण बंद हवी आहे, की विस्तार थांबायला हवा आहे, की आधी ओढा साफ हवा आहे? ही तीन वेगळी पत्रे होतात. फंडाला तिन्ही एकदम पाठवलीत तर तो सर्वांत सोप्या मागणीला ‘हो’ म्हणून मोकळा होईल.

दुसरा धोका कायद्याचा. कागदावर सिद्ध होईल तेवढेच लिहा. ‘खुनी कंपनी’ लिहिलेत तर बदनामीची नोटीस येणार, भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्यासाठीच आहे, आणि मग वर्षभर तुम्ही खाणीऐवजी वकिलाच्या मागे. कंपनी बुडणार, शेअर पडणार अशी भाकिते तर अजिबात नकोत. बाजारात अफवा पसरवल्याचा आरोप सेबीच्या नियमांखाली येऊ शकतो. तुमच्यातल्या कोणी त्या शेअरमध्ये सट्टा केला असेल तर त्याला मोहिमेतून बाजूला ठेवा. परदेशी संस्थेला कागद पाठवणे वेगळे आणि तिच्याकडून मोहिमेसाठी पैसे घेणे वेगळे. दुसरे करायचे असेल तर आधी परदेशी देणग्यांच्या कायद्याचे पाहा. छपाई-टपालाला लागतात ते पैसे इथेच जमतील.

आणखी एक शंका तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. हाकललेली कंपनी हवेत विरत नाही. स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आधी रत्नागिरीला होणार होता. आंबा बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी १९९३ मध्ये त्याला रोखले आणि तो तमिळनाडूत तुत्तुकुडीला गेला. तिथे २२ मे २०१८ ला आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसे गेली. याचा दोष रत्नागिरीकरांना देणे चूक आहे. पण गुंतवणूकदाराला पत्र लिहिताना ‘आमच्या गावातून’ एवढीच मागणी केली, तर खाण शेजारच्या तालुक्यात सरकवून तो तुम्हाला आभाराचे पत्र पाठवेल. कंपनी नव्या जागी ग्रामसभेचा नकार मानणार का, हा प्रश्न पत्रात असू द्या.

शेवटी, एखादा शेअर घेऊन भागधारक म्हणून सभेत प्रश्न विचारण्याबद्दल. घ्या, पण दोघांनीच, आणि मतदानासाठी ठरवलेल्या तारखेच्या आधी डीमॅटला जमा होईल असा. सभा आता बहुतेक ऑनलाइन असतात, बोलायचे असेल तर सूचनेत दिलेल्या मुदतीत नाव नोंदवावे लागते. दोन-तीन मिनिटे मिळतील. आधीचे वक्ते अध्यक्षांचे अभिनंदन करण्यात वेळ घालवतील. तुम्ही एकच प्रश्न विचारा : समुदायांच्या तक्रारींचा आकडा शून्य कसा, अमुक तारखेच्या पोचेचे काय? उत्तर शब्दशः उतरवून घ्या. ते खोटे निघाले तर पुढच्या पत्राचे पहिले वाक्य तयार. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात, भागधारकांची नवी यादी २१ जुलैपर्यंत येते. तोवर ठरावाचे इंग्रजी आणि तारणांची यादी हातात असायला हवी. यादी निघाली की मला पाठवा, कोणत्या बँकेचे कर्ज अजून पूर्ण सुटलेले नाही ते पाहून सांगते.